पट्ट्यावरचा दशरथ

कडाव मागे टाकून आत गेलं की भातखाचरांच्या खालून गॅसची मोठी लाइन जाते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. बांध, खाचरं, कडेला साग, मधूनच एखादा पिवळा खांब आणि त्यावर ‘खोदू नका’ अशी पाटी. त्या खांबाला बहुतेक वेळा कुणाची तरी शेळी बांधलेली असते. या लाइनीच्या डोक्यावरून, एका ओढ्यापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंत, सकाळी जायचं आणि उन्हं कलताना परत यायचं, हे दशरथचं काम. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात काठी आणि खिशात कंपनीनं दिलेलं एक छोटं यंत्र. दशरथ कुठून चालला, कुठं थांबला, ते त्या यंत्रावरून कर्जतच्या ऑफिसात कळायचं. झाडाखाली जरा जास्त वेळ टेकला तर विचारणा करणारा फोन यायचा. कित्येक दिवस असे जायचे की दिवसभरात तेवढाच एक फोन.

आधी तो खोपोलीला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी जवळ आलेली. लाइनीच्या कामाला माणसं हवीत असं कळलं म्हणून गेला, तर तिथल्या साहेबानं शिक्षण विचारलं नाही, गुडघे दुखतात का तेवढं विचारलं. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याची बायको रूपा भाकरी थापता थापता हसत सुटली.

“चालायचा पगार? मंग मला का नाय देत रं कोणी? लग्न झाल्यापासून चालतेच हाय मी.”

त्याच पावसाळ्यात रूपाला कावीळ झाली आणि ती गेली. मुलगा प्रबुद्ध चाकणला एका कंपनीत लागला, त्यानं तिथंच खोली घेतली, तिथंच लग्न जमवलं. भीमजयंतीला यायचा, एक रात्र राहायचा. घर दशरथच्या एकट्याच्या पायांना मोठं झालं. सकाळी तो एकाचा डबा भरायचा, संध्याकाळी एकाचा भात टाकायचा. पहिलं वर्षभर चालता चालता रूपाशी मनातल्या मनात बोलायचा. कुणाच्या खाचरात रोग पडलाय, कुणाची सून माहेरी गेलीय, असलं काहीबाही. मग हळूहळू तेही थांबलं. तिला ठाऊक असलेली माणसं बदलत गेली, आणि नव्या माणसांबद्दल तिला काय सांगायचं ते त्याला सुचेना.

लाइनीवर पाहायच्या गोष्टी तशा सोप्या होत्या. कुठं ताजी माती उकरलीय का, कुठं बोअरची गाडी उभी आहे का, कुणी खड्डा घेतोय, कुणी भिंत घालतोय, कुणी आंब्याची कलमं लावतोय का. लाइन टाकली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंची जमीन मिळून एक लांबलचक पट्टा आखलेला होता. त्या पट्ट्याचं काय करता येतं आणि काय येत नाही, हे सांगून सांगून दशरथला पाठ झालं होतं.

“जमीन तुमचीच हाय. सात-बारा तुमच्याच नावाचा. नांगरा, भात लावा, वाल पेरा, गुरं चारा, कोणी अडवणार नाय. पण या पट्ट्यात विहीर नाय, बोअर नाय, झाड नाय, घर नाय. जमीन तुमची, पण तिच्याखालून जायचा हक्क लाइनीचा.”

“मंग आमची कशी रं ती?” माणसं विचारायची.

दशरथ पुढच्या खांबाकडं चालू लागायचा. एखाद्यानं लावलेलं कलम काढायला लावलं की तो माणूस महिनाभर बघायचा नाही. एकदा मुंब्र्याहून एक बाई नवऱ्याबरोबर प्लॉट बघायला आली होती. एजंट तिला हात पसरून दाखवत होता, इथं बंगला, इथं झोका. दशरथ जवळून जात होता. त्यानं तिला एवढंच विचारलं, की बाई, सात-बाऱ्यावर इतर हक्क म्हणून एक रकाना असतो, तो बघितलात का? बाईनं एजंटाकडं पाहिलं. एजंटानं तिच्यासमोर काही म्हटलं नाही, पण ती गाडीत बसून गेल्यावर दशरथला आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर सांगितलं, की हा लाइनवाला लोकांच्या पोटावर पाय देतो. तेव्हापासून नाक्यावर दशरथ आला की बोलणं जरा हळू व्हायचं. त्याला चुगलखोर म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

एक घर मात्र तसं नव्हतं. ते हारूनचं.

हारून आणि दशरथ एका बाकावर बसून शिकले होते. पुढं दशरथ कारखान्यात गेला आणि हारून पेंढ्याच्या धंद्यात. भात झोडून झालं की गावोगावचा पेंढा विकत घ्यायचा, टेंपो भरायचा आणि बदलापूर-कल्याणकडच्या तबेल्यांना पोचवायचा. दोघांची शेतं एकमेकांना लागून, मध्ये एकच बांध. लाइन हारूनच्या रस्त्याकडच्या खाचरातून तिरकी शिरायची, दशरथच्या शेताच्या मागच्या अंगानं बाहेर पडायची आणि पुढं खालापूरच्या दिशेनं जायची. हारूनचं जुनं घर तिथून हाकेवर होतं. रोज सकाळी दशरथ तिथवर पोचला की हारूनची बायको बदरुन्निसा चहा टाकायची आणि हारून ओट्यावरूनच हाक मारायचा, “काय रं लाइनवाल्या, गॅस हाय का संपला?”

रोज हाच प्रश्न. रोज दशरथ म्हणायचा, “हाय अजून.” मग दोघं ओट्यावर बसायचे. ऑफिसचा फोन येईपर्यंत. हारून तबेलेवाल्यांच्या तऱ्हा सांगायचा, दशरथ ऐकायचा. कधी नुसतेच बसून राहायचे. दिवसभरातलं दशरथचं बोलणं तेवढंच, आणि त्याला ते पुरायचं.

त्या वर्षी हारूनच्या मुलाचं, अब्रारचं, लग्न ठरलं. मुलगी नेरळजवळच्या दामतची. निकाह ईदनंतर. जुन्या घरात दोनच खोल्या, त्यातली एक पेंढ्याच्या दोऱ्यांनी आणि ताडपत्र्यांनी भरलेली. हारूननं नवं घर बांधायचं मनावर घेतलं. ही गोष्ट त्यानं दशरथला आधी सांगितली, अब्रारलाही नंतर. दशरथला बरं वाटलं. कुठं बांधणार हे मात्र त्यानं विचारलं नाही. हारूनची मागची जमीन खोलगट होती, पावसात तिथं कमरेइतकं पाणी भरायचं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

भाताची कापणी उरकल्यावर एका सकाळी तो हारूनच्या खाचरात पोचला आणि जागीच थांबला. रस्त्याकडच्या बाजूला पांढऱ्या फक्कीनं घराची आखणी केलेली होती. खोल्या, पडवी, पुढं ओटा. अर्धी आखणी पट्ट्याच्या आत होती.

हारून बांधावरून हसत येत होता. “बघ कसं वाटतंय. हा हॉल, ही अब्रारची खोली. शुक्रवारी नमाजानंतर पहिली कुदळ. जेसीबी सांगितलाय.”

“हारून, हे पट्ट्यात येतंय.”

“पट्टा तिकडं.” हारूननं पिवळ्या खांबाकडं बोट केलं. “पाइप त्या अंगाला हाय. तूच दाखवला होतास. माझं घर इकडं.”

“पाइप तिकडं हाय. पण पट्टा पाइपाएवढाच नसतो रं. उद्या पाइप उघडायची पाळी आली तर मशिनी कुठं उभ्या करायच्या? त्याच्यासाठी दोनी बाजू सोडलेल्या हायेत.”

“मंग मी बांधू कुठं? मागं तळं भरतं. इकडं रस्ता हाय, वीज हाय.” हारूनचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. त्यानं दशरथच्या खांद्यावर हात ठेवला. “दशरथ, तू रोज हितून जातोस. चार दिवस मान तिकडं करून जा. एकदा जोतं झालं की कोण पाडतंय?”

“मला ते जमणार नाय.”

“का? तुझ्या बापाची हाय का कंपनी?”

“कंपनीची गोष्ट नाय. खाली गॅस हाय, हारून. जेसीबीचा दात लागला तर भाभी हाय, पोरं हायेत…”

“पाइप तिकडं हाय,” हारून पुन्हा म्हणाला, आणि खांद्यावरचा हात काढला. त्या दिवशी चहा झाला, पण दशरथ तो उभ्यानंच पिऊन निघाला.

नियमाप्रमाणं दशरथनं त्याच दिवशी कर्जतला फोन करायला हवा होता. त्यानं केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. हारून विचार करेल, आखणी मागं घेईल, अशी आशा धरून तो फक्कीच्या रेघांवरून चालत गेला आणि परत आला. रेघा तशाच होत्या. संध्याकाळी घरी भात टाकून तो पडवीत बसला. हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण गावात सांगण्याजोगा माणूस एकच होता, आणि तो हारून होता.

शुक्रवारी दुपारी तो परतीच्या वाटेवर होता. लांबूनच जेसीबीचा पिवळा रंग दिसला आणि तो धावत सुटला. खाचरात माणसं जमली होती. दामतहून मुलीकडचे आले होते, हारूनची बहीण आली होती. हारून पांढऱ्या कुर्त्यात, डोक्यावर जाळीची टोपी. बदरुन्निसाच्या हातात शिरणीचं ताट. दुआ झाली होती, हारूननं कुदळ मारली होती आणि आता जेसीबीवाला पोशा बकेट खाली घेत होता.

दशरथ धापा टाकत आखणीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“बाजूला हो,” हारून म्हणाला.

“खाली लाइन हाय, हारून.”

“दशरथ, पाहुणे हायेत. बाजूला हो. आपण नंतर बोलू.”

“नंतर काय बोलणार?”

पोशानं वरून मान बाहेर काढली. “कसली लाइन, काका?”

“गॅसची.”

पोशानं एकदा हारूनकडं पाहिलं, एकदा जमिनीकडं, आणि मशीन बंद केलं. ते बंद झाल्यावर एवढी शांतता झाली की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची कुरकुर ऐकू आली. पोशा खाली उतरला, म्हणाला, “चाचा, मला लहान पोर हाय. मी नाय खोदणार,” आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

मुलीकडचा एक म्हातारा पुढं आला. त्यानं हारूनला विचारलं, “जागा तुमची नाय काय?”

“माझीच हाय,” हारून म्हणाला. “बापजाद्यांची हाय.” हे तो म्हाताऱ्याला सांगत होता, पण पाहत होता दशरथकडं. त्याच्या नजरेत राग असता तर दशरथला सोसलं असतं. पण हारूनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला त्याला कुठं वळता येत नव्हतं. सगळीकडं पाहुणे होते.

दशरथनं तिथंच उभं राहून कर्जतला फोन लावला. सुपरवायझर जगदीश जीप घेऊन आला, फोटो काढले, दशरथनं वेळेत कळवल्याबद्दल त्याची पाठ थोपटली. ती पाठ थोपटलेली सगळ्यांनी पाहिली.

शिरणी वाटायची राहिली होती. ती टाकून देता येत नाही आणि परतही नेता येत नाही. बदरुन्निसानं सगळ्यांना वाटली. पोशाला दिली, जगदीशला दिली. दशरथच्या हातावरही ठेवली, पण वर पाहिलं नाही. त्यानं ती कागदात गुंडाळून जाकिटाच्या खिशात ठेवली. खायची त्याला हिंमत झाली नाही, टाकवलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशाला मुंग्या लागलेल्या होत्या.

त्यानंतर हाक थांबली. दशरथ पोचायच्या वेळेला ओटा रिकामा असायचा. हारूनचा टेंपो दारात उभा असायचा, म्हणजे तो घरातच असायचा. दशरथ पाय न थांबवता पुढं जायचा. सवयीनं त्याचा वेग तिथं कमी व्हायचा, आणि मग त्याचीच त्याला लाज वाटायची. नाक्यावरही तेच. दुकानदार सामान द्यायचा, सुटे पैसे द्यायचा, शब्द द्यायचा नाही. मुसलमानाच्या शुभकार्यात बौद्धवाड्यातला माणूस आडवा आला, असंही कुणी बोलून पाहिलं. पण ते हारूनच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं त्या माणसाला ओट्यावरून हाकलून दिलं, असं दशरथला नंतर कळलं. ते कळल्यावर त्याला जास्तच वाईट वाटलं.

कंपनीची नोटीस आली. हारून ती घेऊन कर्जतला वकिलाकडं गेला. काय झालं ते अब्रारनं सांगितलं. अब्रार तेवढा वाटेत भेटला की थांबायचा.

“वकील म्हणाला, काय होणार नाय, काका. लाइन यायच्या आधी नोटीस निघालेली. हरकत घ्यायची ती तेवाच, ठरलेल्या मुदतीत घ्यायची होती. लाइन थोडी सरकवा, आमाला घर बांधायचंय, असं तेवा सांगता आलं असतं. आजोबांनी हरकत घेतली नाय, भरपाई तेवढी घेतली. सात-बाऱ्यावर नोंद पण हाय. अब्बांनी आजपतूर बघितलीच नव्हती.”

“काय म्हणतो हारून?”

अब्रार जरा घुटमळला. “म्हणतात, कागदाचं मला वाईट वाटलं नाय.”

त्या संध्याकाळी दशरथ घरी गेला नाही, आपल्या शेतावर गेला. बांधापलीकडं हारूनच्या खाचरातली फक्की दवानं पुसट झाली होती. बांधाअलीकडं, रस्त्याला लागून, दशरथच्या शेताचा एक उंचवट्याचा तुकडा होता. मुरमाड जमीन, भात कधी धड यायचं नाही. पट्टा तिथून लांब होता. प्रबुद्धचं घर इथं बांधायचं, असं रूपा म्हणायची. दार कुठं करायचं यावरून दोघांची वादावादीही व्हायची. म्हणून तो तुकडा पडीक ठेवलेला होता. त्यावर दशरथ बराच वेळ बसून राहिला.

हा तुकडा हारूनला द्यायचा आणि त्याच्याकडचं पट्ट्यातलं खाचर आपण घ्यायचं. घराला मुरूमच बरा, आणि भाताला, वालाला ते खाचर बरं. पट्ट्यात पीक घ्यायला कुणाची ना नव्हती. एवढं सरळ होतं, आणि ते सुचायला इतके दिवस लागले होते.

पण तुकडा प्रबुद्धचा होता. रविवारी त्याचा फोन यायचा त्याच्या आधीच दशरथनं लावला. प्रबुद्ध चिडेल, आईनं ठेवलेली जागा म्हणेल, असं धरून त्यानं मनाशी उत्तरं जुळवून ठेवली होती. तुला पुढं घर बांधावंसं वाटलं तर शेताची दुसरी बाजू हाय, तुझ्या आईलाही हारूनचं घर परकं नव्हतं, असं बरंच काही. त्यानं सगळं समजावून सांगितलं.

प्रबुद्धनं शांतपणे ऐकलं. “द्या ना, बाबा,” तो म्हणाला. “आमाला काय करायचंय त्या जागेचं? आमी हितंच फ्लॅट बुक करतोय. सही लागली तर सांगा, येतो.” मग त्याचं पोरगं मागं रडायला लागलं आणि फोन लवकर आटपला.

दशरथनं फोन ठेवला. जुळवलेली उत्तरं तशीच राहिली. मुलगा भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो हारूनच्या दारात थांबला. आतून बदरुन्निसा आली, पदर सावरत.

“हारून नाय घरात,” ती म्हणाली. टेंपो दारात होता.

“तुमच्याशीच बोलायचंय, भाभी.” त्यानं तिथंच उभं राहून, आत ऐकू जाईल अशा आवाजात, तुकड्याचं सांगितलं.

बदरुन्निसा ऐकत राहिली. तिनं विचारलं, “रूपा हितं घर बांधणार होती ना?”

“हां.”

“मंग?”

“मंग काय. कोणी तरी बांधावं ना.”

चहा टाकू का, असं विचारायला तिचं तोंड उघडलं, पण आतल्या दाराकडं पाहून ती गप्प झाली. दशरथच म्हणाला, “येतो,” आणि निघाला.

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं, अब्रारकडून. हारून कबूल होता. पण उपकार म्हणून नको. सरकारी मोजणी करायची, किमतीला किंमत लावायची आणि रीतसर दस्त करायचा. लागून असलेल्या दोन खातेदारांमध्ये अशी अदलाबदल होते, हे वकिलानंही सांगितलं. मोजणीवाले आले. नव्या घराची जागा पट्ट्याच्या पार बाहेर आहे ना, हे हारूननं जगदीशला बोलावून, दोरी धरून, दोनदा बघून घेतलं. कंपनीकडून तसं लेखी घेतलं. दशरथ बाजूला उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही.

दस्ताच्या दिवशी दोघं कर्जतला नोंदणीच्या ऑफिसात एका बाकावर बसले होते. शाळेनंतर असं एका बाकावर बसणं बहुधा पहिलंच. नंबर यायला वेळ होता. दशरथनं कारखान्याची, बदलापूरच्या तबेल्यांची अशी एकदोन बोलणी काढली. हारून हां, नाय एवढंच म्हणत होता. मग आतून नाव पुकारलं गेलं. हारून उठला आणि म्हणाला, “चला, दशरथराव. तुमचा अंगठा आधी लागंल.”

जन्मात हारूननं त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. हे मानाचं बोलणं होतं, कारकुनालाही ते मानाचंच वाटलं असणार. दशरथ आत गेला, यंत्रावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्याकडं पाहिलं. बाहेर आल्यावर हारूननं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “तुमी केलंत ते कोणी करत नाय,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला. दशरथला म्हणावंसं वाटलं, की अरे, मला तुम्ही नको म्हणूस. पण ते मागून घ्यायची गोष्ट नव्हती.

घर उन्हाळ्यात उभं राहिलं. ईदनंतरचा निकाह जुन्या घरातूनच झाला. पावसाच्या आधी स्लॅब टाकून झाला, आणि नवी सून नव्या घरात आली. त्या दिवशी अब्रार बोलवायला आला. दशरथ धुतलेला शर्ट घालून गेला. हारूननं त्याला पाहुण्यांमध्ये बसवलं, स्वतःच्या हातानं वाढलं, दामतच्या म्हाताऱ्याला सांगितलं, “जागा यांनी दिली.” म्हाताऱ्यानं दशरथला सलाम केला. जेवण उत्तम होतं. जेवून हात धुताना बदरुन्निसानं खालच्या आवाजात म्हटलं, “सकाळचा चहा घ्यायला येत जा की.”

“येईन,” दशरथ म्हणाला.

तो गेलाही, चार-पाच वेळा. नव्या ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढली जायची, अब्रारची बायको ट्रेमध्ये चहा आणायची, हारून शेजारी बसून तब्येत विचारायचा. गॅस आहे का संपला, हे कुणी विचारलं नाही. खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसावं लागायचं. मग दशरथनंच जाणं कमी केलं. घाई आहे, यंत्र ओरडतं, असं सांगून तो रस्त्यावरूनच हात करायचा आणि पुढं निघून जायचा. ते त्यांनाही सोयीचं झालं असावं. कुणी अडवलं नाही.

पावसाळा सरल्यावर जगदीशनं त्याला विचारलं, खालापूरकडचा माणूस नोकरी सोडून गेलाय, तिकडचा टप्पा घेणार का. घरापासून लांब पडेल, सकाळची एसटी धरावी लागेल. दशरथ लगेच हो म्हणाला. जगदीशला आश्चर्य वाटलं.

तिकडं टोलनाक्याच्या मागच्या बाजूनं लाइन जाते. एक्सप्रेसवेचा आवाज दिवसभर कानात असतो, त्यामुळं शांतता अशी नसतेच. तिथं त्याला कुणी ओळखत नाही. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीनं काठी उगारून विचारलं, “कोण रं तू, माझ्या शेतात कशापायी हिंडतोस?” दशरथनं तिला नाव सांगितलं, गाव सांगितलं, पट्ट्याचं सगळं समजावून सांगितलं. म्हातारीला मुलगा नव्हता, आणि शेताच्या कडेला खोली काढायची तिच्या मनात होती. दशरथनं तिला खुंट्या ठोकून हद्द दाखवली, आणि अजून काही उभं राहिलेलं नाही तोवर जागा बदल, असं सांगितलं. तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. पाणी मात्र दिलं.

सुट्टीच्या दिवशी तो आपल्या नव्या खाचरात असतो. भात निघाल्यावर ओल होती तेवढ्यात वाल पेरला होता, तो चांगला उगवला. जमीन खरंच कसदार आहे, हारूनच्या वडलांनी राखलेली. रविवारी संध्याकाळी तो तिथं तण काढत असतो तेव्हा बांधापलीकडच्या घरात दिवे लागतात. स्वयंपाकघरात माणसांची ये-जा दिसते. एखाद वेळी हारून फाटक लावायला बाहेर येतो, वालात वाकलेल्या माणसाकडं पाहत थोडा वेळ उभा राहतो. दशरथलाही तो दिसतो. हाक मारली तर सहज ऐकू जाईल एवढंच अंतर आहे. मग फाटक लागतं, आणि दशरथ उरलेली सरी उजेड आहे तोवर उरकायला घेतो.